पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट मागा!

काही वर्षांपूर्वी समुद्रपूरच्या न्यायालयाच्या आवारात एक बाई मला भेटली. कडेवर मुलगा. वय सहा, पण अंगाने चार वर्षांच्या पोराएवढा. डोळे पिवळसर, हाताची बोटे सुजलेली. नवऱ्याने तिला घराबाहेर काढले होते. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, माह्यं रक्तच वाईट हाय म्हनते. पोरगं माह्याचमुळं बिमार पडते म्हनते. म्हनून मले माहेरी धाडून देल्लं."

दोन्ही घरे बौद्ध. दोन्ही घरांच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. लग्न बौद्ध पद्धतीने लागलेले. पत्रिका पाहिली नव्हती, मुहूर्त काढला नव्हता. आणि तरीही सासरच्या मंडळींनी सुनेच्या "रक्तात खोट" काढलीच. ज्या समाजाला हजारो वर्षे अशुद्ध म्हणून गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजातले एक घर आपल्याच सुनेला अशुद्ध ठरवत होते. वकील म्हणून मी खावटीचा अर्ज लिहिला (तेव्हाचे कलम १२५, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे). २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही अर्ज टाकला. तारखा पडू लागल्या.

पण हे प्रकरण मिटवले ते माझ्या युक्तिवादाने नव्हे. मिटवले त्या बाईच्या माहेरगावच्या आशा ताईने. ती नवऱ्याच्या गावी गेली, तिथल्या आशा ताईला सोबत घेतले आणि सासूसमोर जाऊन बसली. पदरातून सरकी आणि तुरीचे दाणे काढले. म्हणाली, माय, प्रत्येक माणसाजवळ असे दोन दाणे असते. लेकराला एक दाणा मायकडून भेटते, एक बापाकडून. तुह्या नातवाजवळ दोन्ही दाणे खोटे आले. एक सुनेनं देल्ला. मंग दुसरा कुठून आला? सासू गप्प झाली. पुढच्या आठवड्यात नवऱ्याची रक्ततपासणी झाली. तोही सिकलसेलचा वाहक निघाला. तडजोडीचा मसुदा मी लिहिला, पण तडजोड त्या दोन बायांनी घडवली. एकीचे शिक्षण दहावी, दुसरीचे बारावी नापास. मी कायद्याची पदवीधर. त्या दिवशी शिकले ते मी!

वर्धा जिल्हा म्हटला की देशाला सेवाग्राम आठवते, पवनार आठवते. आश्रमावर ग्रंथ लिहिले गेले, परिषदा झाल्या. याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, जाम, नंदोरी, कोरा, मांडगाव, गिरड या भागात, निंदण-वेचणीला जाऊन गावाचे आरोग्य सांभाळणाऱ्या बायांवर कोण लिहिणार? त्यात बौद्ध आहेत, गोंड आहेत, कुणबी-तेली आहेत. त्यांच्याविषयी आपल्याच पेपरात लिहिणे हे आपले काम आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी या आजाराविषयी नीट समजून घेऊ, कारण आपल्या समाजात त्याविषयी जेवढे अज्ञान आहे तेवढीच लपवाछपवी आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना उठतात, रक्त कमी होते, कावीळ दिसते, जंतुसंसर्ग लवकर होतो. ज्याला आई आणि बाप दोघांकडून दोष आला तो रुग्ण. ज्याला एकाकडूनच आला तो वाहक. वाहक हा रोगी नव्हे! तो इतरांसारखेच आयुष्य जगतो. प्रश्न येतो तो वाहकाने वाहकाशी लग्न केले तर. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. चारात एक म्हणजे चार मुलांपैकी एकच आजारी होईल, पहिले झाले म्हणजे आता धोका टळला, असे लोक धरून चालतात. तसे नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धम्मक्रांतीनंतर अवघ्या दोन वर्षांनी आपल्याला हा आजार माहीत झाला होता. नंतरच्या दशकांत विदर्भातील बौद्ध, आदिवासी आणि काही ओबीसी जातींत तो मोठ्या प्रमाणात असल्याचे वारंवार दिसून आले. नागपूरच्या संपत रामटेके यांनी स्वतःच्या घरात हे दुःख भोगले आणि सिकलसेल सोसायटी उभी करून रुग्णांसाठी आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या कितीशा कार्यकर्त्यांना हे नाव ठाऊक आहे?

मग रक्त खरोखर वाईट आहे काय? विज्ञान सांगते, नाही. जिथे शतकानुशतके हिवतापाचा जोर होता त्या प्रदेशांत हा गुण टिकून राहिला, कारण वाहकाला हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. आफ्रिकेत तेच झाले, भूमध्य समुद्राकाठी तेच झाले, आपल्या जंगलपट्ट्यात तेच झाले. म्हणजे हा कुणाच्या पापाचा शाप नाही. आपल्या पूर्वजांनी डासांच्या प्रदेशात तग धरला, त्याची ही खूण आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या प्रबंधात रक्तशुद्धीच्या थोतांडाचा समाचार घेतला होता. त्याआधी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म सांगितले ते जातीतल्या जातीत लग्न, म्हणजेच बेटीबंदी. जातीने जे दोर आवळले, त्याच दोरांत हा आजारही अडकून पडला. छोट्या वर्तुळात, ओळखीच्या चार गावांत, पोटजाती बघत सोयरीक जुळवत राहिलो की वाहकाला वाहक मिळण्याची शक्यता वाढत जाते. आंतरजातीय विवाह हा बाबासाहेबांनी सांगितलेला उपाय माणुसकीसाठी होता. तो प्रकृतीसाठीही हिताचा आहे, हे आज कळते. अर्थात आदिवासी व ओबीसी समाजांतही वाहक आहेत, त्यामुळे जात बाहेरची आहे म्हणून तपासणी टाळता येणार नाही. आपण पत्रिका जाळली, छान केले. आता तिच्या जागी रक्ताचा रिपोर्ट मागायला शिकले पाहिजे.

या आजाराचा आणि बदलत्या हवामानाचा संबंध काय, असे कुणी विचारील. फार जवळचा आहे. शरीरातले पाणी कमी झाले की पेशी वाकड्या होण्याचा वेग वाढतो. कडक ऊन, अतिश्रम, थंडी, ताप, जंतुसंसर्ग, यांपैकी काहीही वेदनेचा झटका आणू शकते. आता समुद्रपूरच्या काळ्या मातीच्या शिवारात मे महिन्यात धसकटे वेचणाऱ्या बाईचा विचार करा. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बांधावर झाड नाही. पाण्याची कॅन घरून न्यावी लागते, ती दुपारपर्यंत संपते. विहीर मालकाची, ती कुठे तरी दूर. लघवीला आडोसा नाही म्हणून बाया मुद्दामच पाणी कमी पितात. हे डॉक्टरला कोण सांगणार? ज्या बाईला सिकलसेल आहे तिच्यासाठी ही तहान म्हणजे दवाखान्याची वाट आहे. ज्यांना नाही त्यांनाही उष्माघात आणि मूत्रमार्गाचे आजार आहेतच. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली आम्ही पाण्याचा हक्क मागितला. शेतातल्या मजूर बाईचा पाण्याचा हक्क आजही मागावा लागतो, आणि तो आता प्राणाशी जोडलेला आहे.

अशा एका गावात मी पाहिले ते सांगते. गावाचे नाव देत नाही, कारण त्या बायांना प्रसिद्धी नको, काम हवे. विहारातल्या महिला मंडळाने आणि बचत गटांनी मिळून शेतमालकांकडे तीन मागण्या केल्या. उन्हाळ्यात काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवायचे. पाण्याचा ड्रम मालकाने बांधावर पोहोचवायचा. फवारणी झालेल्या वावरात त्याच दिवशी निंदणाला बाया पाठवायच्या नाहीत. पहिल्या वर्षी मालक हसले. मजूर बाया एकजुटीने घरी बसल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी हसणे थांबले. आज त्या गावात हा रिवाज झाला आहे. कुठला शासन निर्णय नाही, कुठला प्रकल्प नाही. संघटित व्हा हा बाबासाहेबांचा संदेश त्यांनी वावरात नेला, एवढेच.

फवारणीची मागणी उगाच नव्हती. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पोहोचले. चर्चा झाली ती फवारणाऱ्या पुरुषांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच ओल्या पऱ्हाटीत दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या झाडांतून वाट काढत निंदण करणाऱ्या, औषधाचे पाणी आणून देणाऱ्या, नवऱ्याचे विषाने भिजलेले कपडे धुणाऱ्या बाईची मोजदाद कुणी केली?

मग पाऊस. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टीने समुद्रपूर आणि हिंगणघाट तालुक्यांतील गावांना पुराने वेढले. पूर आला की रस्ता बंद होतो, आणि रस्ता बंद झाला की सगळ्यांत आधी तीन माणसे अडकतात: दिवस भरलेली गरोदर बाई, सर्पदंश झालेला माणूस आणि वेदनेने तळमळणारा सिकलसेलचा रुग्ण. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कुणाची गोळी संपत आली आहे, कुणाची झोपडी नाल्याच्या काठावर आहे, हे तलाठ्याच्या दप्तरात नसते. ते आशा ताईच्या वहीत आणि अंगणवाडी ताईच्या डोक्यात असते. आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे जिल्ह्याच्या ठिकाणी बनतात, पण खरा आराखडा गावातल्या या दोन बायांजवळ आहे. तालुक्याच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसेल तर तो आराखडा कागदावरच राहणार.

गावातली कमी शिकलेली बाई हे सारे पेलू शकेल काय, अशी शंका शहाण्यांना येते. तिचे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा). त्यांनी गावागावातून आरोग्य सेविका निवडल्या. त्यांत अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. बाळंतपण, बालकांचे वजन, कुष्ठरोग, क्षयरोग हे सारे त्या शिकल्या. ज्या घरात त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवत, त्याच घरात पुढे बाळंतपणाला त्यांनाच बोलावणे येऊ लागले. दुष्काळात कूपनलिका खोदायची वेळ आली तेव्हा ती दलित वस्तीत घेण्याचा आग्रह तिथे धरला गेला, आणि पाण्यासाठी सवर्णांना आमच्या वस्तीत यावे लागले. चवदार तळ्याचा अर्थ एका कूपनलिकेने पुन्हा सांगितला! आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर 'आशा' नेमल्या गेल्या. गावाने निवडलेली गावचीच बाई हा त्यामागचा विचार जामखेडने आधीच खरा करून दाखवला होता.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरबांधणीच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या गावांतील बायांना संवाद सहायक म्हणून पुढे आणणारी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था. पुढे दुष्काळाच्या काळात या बायांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली मागून घेतला. त्यात सोयाबीन-उसाऐवजी ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला घेतला, रासायनिक खर्च कमी केला. आधी घरची पोटे भरली, उरले ते विकले. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

मात्र येथे एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. एक एकर मागायला घरात आधी जमीन हवी. समुद्रपूरच्या बौद्ध वस्तीतल्या किती बायांच्या घरी स्वतःची शेती आहे? भूमिहीन बाईला एक एकराचे मॉडेल सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचे वर्णन ऐकवणे. तिच्यासाठी गायरान, गावतलावाचा गाळपेरा, पडीक सरकारी जमीन यांवर बचत गटांना हक्क मिळाला पाहिजे. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा लढा अपुरा राहिला, त्याचे हे आजचे रूप आहे.

आणि या बायांना आपण देतो काय? राबवून घेताना सरकार त्यांना "ताई" म्हणते, पगाराची गोष्ट निघाली की "स्वयंसेविका" म्हणते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ मध्ये दोनदा संपावर जावे लागले, मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधनात महिन्याला ५ हजारांची वाढ केली. ती भीक नव्हती, हक्क होता, आणि तो अपुराच मिळाला. अजूनही त्या कर्मचारी नाहीत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रीच्या प्रसूती रजेची बाजू मांडली. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली आणि कष्टकरी स्त्रियांच्या सवलतींचे ठराव झाले. त्या परिषदेला गेलेल्या बायांच्या नाती-पणत्या आज आशा म्हणून राबतात. त्यांच्या संपाला आपल्या किती संघटनांनी पाठिंबा दिला, हे आपणच आपल्याला विचारावे.

आता कायद्याचे चार शब्द, कारण हक्क माहीत नसला तर तो असून नसल्यासारखा. एक, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झालेला आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले तर योजनांचा लाभ मिळतो. मात्र याच कायद्याच्या कलम ३४ मधील नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. हा अन्याय आहे आणि त्यासाठी खासदार-आमदारांना जाब विचारला पाहिजे. दोन, ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे ग्रामपंचायत कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर उरकली जाते. तेथे जाऊन पाणी, सावली, औषध यांचे ठराव लिहून घ्या. तीन, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि महिला-बालकल्याणासाठी १० टक्के खर्च करावे लागतात. हा पैसा कुठे गेला ते माहिती अधिकारात विचारा. चार, गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे, पण त्याच १९९४ च्या कायद्याने रक्तातील हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करण्यास परवानगी दिली आहे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याने लवकर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. मोहिमेचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण विदर्भातील बौद्ध वस्तीही त्याच तळमळीने तपासली गेली पाहिजे. जिथे आदिवासी टक्केवारी कमी तिथे तपासणीची गाडी कमी, असे होता कामा नये. हायड्रॉक्सियुरियाची गोळी तालुक्याच्या ठिकाणी बाराही महिने मिळाली पाहिजे. एका गोळीसाठी मजुरी बुडवून आलेल्या बाईला "पुढच्या आठवड्यात या" म्हणणे ही हिंसाच आहे.

सरकारवर बोट ठेवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. आपण वधू-वर परिचय मेळावे भरवतो. त्यात मुलाचा पगार विचारतो, मुलीचा रंग विचारतो. रक्ताचा रिपोर्ट का विचारत नाही? आणि विचारायचा तर दोघांचा विचारा. वाहक निघाली म्हणून मुलगी नाकारायची आणि वाहक मुलाचा रिपोर्ट दडवायचा, असे झाले तर आपण नवी अस्पृश्यता जन्माला घालू. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. नेमका तोच काळ पुराचा, तापाचा, फवारणीचा, सर्पदंशाचा. वाचनानंतर अर्धा तास आशा ताईला बोलू द्या. आजाऱ्याची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करणारे तथागत आपले शास्ते आहेत, हे विसरू नका. १४ एप्रिलच्या डीजेवर जो पैसा उडतो, त्याच्या एका हिश्शात अख्ख्या वस्तीची तपासणी होऊ शकते.

तो सहा वर्षांचा मुलगा आता शाळेत जातो. दप्तरात पाण्याची मोठी बाटली असते, खिशात गोळ्यांची पुडी. त्याच्या गुरुजींना तो तासातासाला पाणी का पितो हे ठाऊक आहे, कारण आशा ताईने शाळेत जाऊन सांगितले. परवा ती बाई मला जामच्या चौकात एसटीची वाट पाहताना भेटली. मी विचारले, घरचे कसे वागतात? ती म्हणाली, "आता सासूच पोराले पानी पाजते जी. अन् धाकट्या दिराची सोयरीक आली त सासूनंच पयले इचारलं, पोरीचा अन् आपल्या पोराचा रिपोर्ट काढला का म्हनून."

समाजपरिवर्तन आणखी वेगळे काय असते? जयभीम!